‘हा लॅपटॉप लिनक्सला सपोर्ट करत नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. शिवाजी उद्यमनगरात तुमचं टर्निंगचं वर्कशॉप आहे, मुलगी डिप्लोमाला आहे. घरातला लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्हचा, ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं ९४०एमएक्स ग्राफिक्स असलेला. नंतर त्यात एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी टाकून घेतलात, विंडोज १० त्यावर आहे, आणि मूळची १ टीबीची हार्डडिस्कही आत आहेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर घेत नाही, म्हणून लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला घेतलंत. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की लोगो येऊन स्क्रीन काळी पडते. कम्पॅटिबिलिटी मोडने डेस्कटॉप आला, पण इन्स्टॉलरला फक्त हार्डडिस्क दिसते, एसएसडी दिसतच नाही. वायफाय राउटरच्या शेजारी बसलं तरच चालतं. राजारामपुरीतल्या दुकानात ‘हे मॉडेल लिनक्सला सपोर्ट करत नाही’ म्हणून सांगितलं. टॅलीसाठी विंडोज ठेवायचंय, आणि आता विचारताय की लॅपटॉप विकूनच टाकू का.

विकू नका. तिन्ही अडचणी नेहमीच्या आहेत, तिन्हींना उपाय आहे, आणि एकीलाही पैसे लागत नाहीत. कोल्हापूर आणि आसपासच्या शाळांत, कारखान्यांत मी असल्या मशिनींवर बरीच वर्षं लिनक्स बसवतोय. तेवढ्या अनुभवावर हे खात्रीने सांगतो.

पहिली गोष्ट ‘सपोर्ट’ची. कंपनी म्हणते सपोर्ट नाही, त्याचा अर्थ एवढाच की त्या मॉडेलवर तिने लिनक्स तपासलेलं नाही आणि फोन केलात तर मदत मिळणार नाही. लिनक्सचे ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम) लॅपटॉपच्या मॉडेलसाठी लिहिलेले नसतात, आतल्या चिपसाठी असतात. पंपाच्या मोटारीचं बेअरिंग गेलं तर तुम्ही दुकानात मोटारीच्या कंपनीचं नाव सांगत बसत नाही. काढलेल्या बेअरिंगवरचा ६२०३ किंवा जो असेल तो नंबर वाचून दाखवता. इथेही तसंच करायचं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं सर्रास निघतात, त्यामुळे ‘अमुक मॉडेलवर लिनक्स’ असं शोधून जे सापडतं ते तुमच्या मशिनला लागू पडेलच असं नाही.

नंबर मिळवायचा तो असा. पेनड्राइव्हवरचा डेस्कटॉप आला की टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय’, मग जागा सोडून ‘डॅश एनएनके’ ही कमांड द्या. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप करताना इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान.) प्रत्येक चिपसमोर चौकोनी कंसात चार-चार अक्षरांची जोडी दिसेल. पहिली चार अक्षरं कंपनीची: ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. पुढची चार त्या चिपची. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर त्या चिपला ड्रायव्हर मिळालेला आहे (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). ओळच नसेल तर अडचण तिथे आहे. हा सगळा निकाल मजकूर फाइलमध्ये घेऊन दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. पुढचं निम्मं काम त्या फाइलवर चालतं.

आता एसएसडीला हात लावण्याआधीची तयारी. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टॅलीचा डेटा आत आहे तेव्हा तो टाळू नका. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर तो उघडतोय का ते बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते तपासा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, कारण बायॉसमध्ये (मशिन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पुढे जो बदल करायचाय त्यानंतर विंडोज ती मागू शकतं. कंट्रोल पॅनेलमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि लिनक्समधून तिथल्या फाइली फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. आणि बॅटरी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) छोटं होत असताना मशिन बंद पडलं तर सगळा डेटा जायची वेळ येते. बॅटरी अर्धा तासही टिकत नसेल तर हे काम यूपीएसवर करा.

काळ्या स्क्रीनकडे येऊ. कम्पॅटिबिलिटी मोड म्हणजे आतून ‘नोमोडसेट’ नावाचा पर्याय लावलेला असतो. जवळपास प्रत्येकजण हाच उपाय सांगतो. स्क्रीन दिसते हे खरं, पण तुमच्या लॅपटॉपसाठी तो गरजेपेक्षा जास्त जालीम आहे. या मशिनमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत: प्रोसेसरमधलं इंटेल आणि वेगळं एनव्हिडिया. अशा लॅपटॉपांत स्क्रीन सहसा इंटेलला जोडलेली असते आणि इंटेलचा ड्रायव्हर लिनक्समध्ये उत्तम चालतो. अडखळतो तो एनव्हिडियासाठी आपोआप चालू होणारा ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर. नोमोडसेट दोघांनाही गप्प करतं, म्हणून मग ब्राइटनेस बदलत नाही, रिझोल्यूशन चुकतं, व्हिडिओ अडकत चालतो. त्यातून लोकांचा समज होतो की लिनक्सच संथ आहे.

त्याऐवजी एकट्या नूवोला थांबवा. पेनड्राइव्हचा मेनू आला की पहिल्या, म्हणजे साध्या पर्यायावर या आणि कीबोर्डवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. त्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द आहेत. त्यांच्यानंतर एक जागा सोडून ‘मॉडप्रोब’, टिंब, ‘ब्लॅकलिस्ट’, बरोबरचं चिन्ह आणि ‘नूवो’ असं सलग टाईप करा. नूवोचं स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू. मग एफ१०. डेस्कटॉप पूर्ण रिझोल्यूशनमध्ये आला आणि ब्राइटनेसची बटणं चालली की समजा इंटेल व्यवस्थित काम करतंय. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना तो पुन्हा करावा लागेल. तेव्हा मेनू दिसला नाही तर मशिन चालू होताना एस्केप एकदा दाबा.

आता मुख्य अडथळा, एसएसडी. इन्स्टॉलरला ती दिसत नाही म्हणून अनेकजण ती बिघडली असं समजतात किंवा नवी घ्यायला निघतात. तुमच्या एसएसडीवरून विंडोज रोज चालू होतंय, म्हणजे ती चांगली आहे. टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ म्हणजे डी-एमईएसजी ही कमांड देऊन तिच्या निकालात ‘रिमॅप’ हा शब्द शोधा. माझा अंदाज बरोबर असेल तर तिथे कर्नलने इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं सापडेल की एक रिमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइस आहे, ते वापरायचं असेल तर बायॉस ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर न्या.

याचं कारण इंटेलचं आरएसटी, म्हणजे रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी. बायॉसमध्ये हा मोड चालू असला की एनव्हीएमई एसएसडी स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतच नाही, ती साटा (हार्डडिस्कच्या जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) कंट्रोलरच्या पाठीमागे झाकली जाते. एएचसीआय हा त्याऐवजीचा साधा मोड. विंडोजकडे इंटेलचा खास ड्रायव्हर असतो, त्यामुळे त्याला ती सापडते. लिनक्सला फक्त साटावरची हार्डडिस्क दिसते. तुमच्याकडे नेमकं हेच घडतंय. यावर लिनक्समध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही, बदल बायॉसमध्येच करायचा आहे.

पण सरळ जाऊन बदललंत तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबेल, कारण त्याने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू करायची तयारी केलेली नसते. म्हणून क्रम असा ठेवा. विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, खाली ‘मिनिमल’ राहू द्या. रिस्टार्ट करा आणि विंडोज सुरू होऊ न देता थेट बायॉसमध्ये जा. साटा मोड ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वरून ‘एएचसीआय’ करा, सेव्ह करा. आता विंडोज सेफ मोडमध्ये येईल आणि येतानाच योग्य ड्रायव्हर लावून घेईल. परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ती खूण काढा आणि रिस्टार्ट करा. विंडोज पूर्वीसारखं चालेल. एक काळजी घ्या: सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड आधीच आठवून ठेवा.

बायॉसमध्ये असा पर्यायच नाही, असं बऱ्याचदा ऐकू येतं. काही कंपन्या तो लपवून ठेवतात. एसरच्या अनेक मॉडेलांत ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो उघड होतो. काहींमध्ये नवीन बायॉस टाकल्यावर येतो. यातलं काहीच जमलं नाही, तर हार्डडिस्कच्या जागी साध्या साटा प्रकारची एसएसडी बसवून लिनक्स तिच्यावर टाका. साटावरची डिस्क आरएसटी चालू असतानाही लिनक्सला दिसते आणि विंडोजला हात लागत नाही. खर्च होतो, पण मार्ग पक्का आहे. अकराव्या पिढीपासून पुढचे इंटेल लॅपटॉप असलेल्यांनी बायॉसमध्ये ‘व्हीएमडी’ नावाचा पर्याय शोधावा. प्रकार साधारण तोच आहे, मात्र लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर असल्याने नव्या कर्नलवर पुष्कळदा काहीही न बदलता एसएसडी दिसते.

इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय आला तर तोच घ्या. स्वतः पार्टिशन निवडत असाल तर आधीपासूनचं ईएफआय पार्टिशन वापरा आणि त्याच्यासमोर ‘फॉर्मॅट’ची खूण चुकूनही करू नका, विंडोज सुरू करणाऱ्या फाइली तिथेच असतात. इन्स्टॉल नीट झालं तरी मशिन सरळ विंडोजमध्येच जात असेल, तर बायॉसमधला बूटचा क्रम बघा. काही एसर मॉडेलांत आधी सुपरवायझर पासवर्ड लावून मग लिनक्सची बूट फाइल ‘ट्रस्टेड’ म्हणून निवडावी लागते, त्याशिवाय ती यादीत येतच नाही.

इन्स्टॉल झाल्यावर एनव्हिडिया. ड्रायव्हर मॅनेजर उघडा. नावात ‘ओपन’ असलेली आवृत्ती घेऊ नका, ती ट्युरिंग आणि त्यापुढच्या चिपवरच चालते आणि तुमची ९४०एमएक्स मॅक्सवेल घराण्यातली आहे. मॅक्सवेलला सपोर्ट देणारी शेवटची मालिका ५८०. तेव्हा ५८० किंवा त्याआधीची घ्या, ५९० पासून पुढची नको. सिक्युअर बूट (सही केलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायॉसमधली सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रिस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीवर ‘एनरोल एमओके’ असा मेनू येतो. तो काही सेकंदच थांबतो. तिथे एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही पायरी हुकली की ड्रायव्हर डिस्कवर असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही. मग ‘ड्रायव्हर टाकला तरी चालत नाही’ ही तक्रार सुरू होते.

ड्रायव्हर बसला की खालच्या पट्टीतल्या एनव्हिडियाच्या चिन्हावरून इंटेलचा पॉवर सेव्हिंग मोड निवडा. डिप्लोमाच्या अभ्यासाला, प्रोग्रॅमिंगला, साध्या कॅडला इंटेल पुरतं. ‘एनव्हिडिया नकोच, तर ड्रायव्हर कशाला?’ असं वाटेल. ड्रायव्हर नसेल तर ती चिप बंद करणारं कुणी नसतं; ती वीज खात राहते आणि लॅपटॉप गरम होतो.

वायफायवर मी जरा थांबतो, कारण इथे नंबर वाचण्याचं महत्त्व सगळ्यांत स्पष्ट दिसतं. तुमचं लक्षण, म्हणजे कार्ड दिसतं, नेटवर्क दिसतात, पण राउटरपासून उठलं की तुटतं, हे रियलटेकच्या आरटीएल८७२३बीई या कार्डाचं आहे. एलएसपीसीआयमध्ये त्याचा नंबर ‘१०ईसी:बी७२३’ असा येतो. याच्याशेजारचं दुसरं कार्ड आरटीएल८७२३डीई, नंबर ‘१०ईसी:डी७२३’. एका अक्षराचा फरक, पण ड्रायव्हर पूर्ण वेगळा. पुढचं सगळं फक्त ‘बी’साठी आहे, ‘डी’वर ते लागू नाही.

या कार्डावर अँटेना लावायच्या दोन जागा असतात. पैसे वाचवायला अनेक लॅपटॉपांत एकच वायर बसवलेली असते. कुठल्या जागी वायर आहे याची नोंद कार्डात असते आणि ती पुष्कळदा चुकीची निघते. ड्रायव्हर मग वायर नसलेल्या जागी कान लावून बसतो. ‘एनएमसीएलआय डेव्ह वायफाय’ ही कमांड दिली की प्रत्येक नेटवर्कसमोर सिग्नलचा आकडा १०० पैकी दिसतो. तुमच्या राउटरचा आकडा लिहून ठेवा. आता ‘सुडो मॉडप्रोब डॅश आर आरटीएल८७२३बीई’ देऊन ड्रायव्हर काढा. मग ‘सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई’ आणि पुढे जागा सोडून ‘एएनटी अंडरस्कोर एसईएल’, बरोबरचं चिन्ह, २. दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा आकडा बघा. अँटेना बरोबर लागली तर फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो, लॅपटॉप जागेवरून हलवावाही लागत नाही. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ घालून पुन्हा करा. ज्या आकड्याने काम झालं तो पक्का करायला ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरमध्ये ‘कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची एक फाइल करून त्यात एकच ओळ लिहा: ‘ऑप्शन्स’, ड्रायव्हरचं नाव, मग तोच पर्याय. कर्नल अपडेट झालं तरी ही फाइल राहते.

हे सगळं होईपर्यंत इंटरनेट हवं, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेथरिंग चालू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, म्हणजे ‘१४ई४:४३६५’ असलेल्यांना तर हाच रस्ता, कारण त्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून घ्यावा लागतो.

ज्यांचं कार्ड खरोखरच चालत नाही, त्यांनी आठवडे घालवू नयेत. मीडियाटेकच्या एमटी७९०२ ला कर्नलमध्ये बराच काळ ड्रायव्हरच नव्हता, त्या काळात लोकांनी त्यावर फार वेळ वाया घालवला. कार्ड बदलणं सोपं. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच असले तरी ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात, एएमडीच्या लॅपटॉपात तर चालतच नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचा बायॉस कंपनीने मान्य केलेलीच कार्डं स्वीकारतो. म्हणून दुकानदाराला परत घ्याल का हे विचारूनच कार्ड घ्या.

एक कळकळीची विनंती. इंटरनेटवर बूटच्या ओळीत टाकायचे आठ-आठ पर्याय एकत्र दिलेले सापडतात. ते तसेच चिकटवू नका. एका वेळी एक पर्याय, त्याने काय बदललं ते लिहून ठेवायचं, काही बदललं नाही तर काढून टाकायचा. ‘पीसीआय बरोबर नोएईआर’ हा पर्याय पीसीआयच्या चुकांच्या नोंदी थांबवतो. लॉग फाइली फुगून डिस्क भरत असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो, तसं काही नसताना तो लावला तर उद्या खरी चूक झाली तरी कळणार नाही. ‘एसीपीआय बरोबर ऑफ’ तर लॅपटॉपवर कायमचा ठेवूच नका, बॅटरी, पंखा, झोप सगळ्याची सूत्रं त्याच्याकडे असतात. बोटाचा ठसा वाचणारं सेन्सर चाललं नाही तर सोडून द्या, बऱ्याच सेन्सरांना ड्रायव्हरच नाहीत.

मुलीला मराठीत लिहायचं असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा, युनिकोड मराठी लगेच चालते. टॅली विंडोजवरच राहू द्या. मात्र त्या विंडोजला आता नेहमीचे सुरक्षा अपडेट नाहीत, तेव्हा बँकेचे व्यवहार आणि ईमेल लिनक्समधून करा.

मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर या मशिनचं काम निघेल. एखाद्या कर्नल अपडेटनंतर काही बिघडलं तर सुरुवातीच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल असतं, ते निवडून सुरू करा. त्यातूनही अडलं तर एलएसपीसीआयची ती फाइल आणि डीमेसेजचा पूर्ण निकाल मला पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूरच पाठवा, म्हणजे त्यात शोधता येतं.